गाडी तापली? आधी सांगा, कुठे तापली!

इंजिनात पेट्रोल पेटतं तेव्हा आतलं तापमान २००० अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना, आणि आजच्या गाड्यांचे पिस्टन ॲल्युमिनियमचेच! तरी इंजिन टिकतं, कारण त्याच्या भिंतींतून कूलंट अखंड फिरत असतं. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच गाडी ओढायला मिळतो. दुसरा सायलेन्सरवाटे जातो आणि उरलेला बराचसा रेडिएटरला बाहेर टाकावा लागतो. म्हणून इंजिन तापतं यात नवल काहीच नाही. ती उष्णता बाहेर पडताना नेमकी कुठे अडली, हे शोधायचं.

अर्धं निदान रस्त्यावरच

चांगला मेकॅनिक बॉनेट उघडण्याआधी विचारतो, ‘कुठे तापते?’ सिग्नलला काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो? मग पहिला संशय पंख्यावर. वेगात समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो, उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. खात्री घरीच करता येते: गाडी उभी ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत लगेच किंवा थोड्याच वेळात पंखा फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने बघायचं.

उलट, शहरात ठीक आणि हायवेवर ताशी शंभरला तापते? मग वारा भरपूर आहे, कूलंट पुरेसं फिरत नाही. ते कमी झालं असेल, रेडिएटर आतून चोकअप असेल, थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नसेल किंवा वॉटर बॉडी, म्हणजे वॉटर पंप, थकला असेल.

घाटात तर सगळंच एकदम येतं: इंजिनावर पूर्ण भार, खालचा गिअर आणि वारा जेमतेम. कसारा किंवा खंबाटकीत मे महिन्यात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांपैकी कित्येकींचा बिघाड आधीपासूनच असतो, घाट तो फक्त उघडा पाडतो.

काटा खाली आला म्हणून हायसं वाटू देऊ नका

लालकडे गेलेला काटा अचानक ‘थंड’वर आला, तर ते फार वाईट लक्षण असू शकतं. कूलंट पूर्ण संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि भलतंच तापमान दाखवतो. तिकडे इंजिन भाजत असतं.

आणखी एक हुकमी खूण: तापमानाचा आणि बॅटरीचा दिवा एकदमच लागला तर बेल्ट बघा. ज्या गाड्यांत अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर चालतात, तिथे तो तुटला की दोन्ही बंद पडतात.

छोट्या झाकणाचं मोठं काम

महाबळेश्वरला उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. गाडीचं कूलंट एरवीही नव्वदच्या आसपास असतं, म्हणजे उकळायला फार अंतर नाही. वाचवतं ते रेडिएटरचं झाकण. प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं ते दाब धरून ठेवतं आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. त्याचं रबर कडक झालं की दाब सुटतो आणि कूलंट उकळून बाहेर येतं. पंप बदलण्याआधी झाकण तपासा, ते स्वस्तात मिळतं.

मेणावर चालणारी झडप

थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. साधारण ८२ ते ९० अंशांना ते वितळून फुगतं आणि झडप उघडतं. वीज नाही, वायर नाही! ती बंद अवस्थेत अडकली तर गाडी तापते. काही ठिकाणी मग ती काढूनच टाकतात. हे मला साफ चुकीचं वाटतं. त्याने इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि झीज वाढते.

विहिरीवर थांबणारी मोटार

१८८८च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेल्या, शंभर किलोमीटरच्या वर. त्या गाडीत पाण्याची वाफ होऊनच इंजिन थंड होई, म्हणून वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागलं. पुढे विल्हेल्म मायबाखने १९०१च्या मर्सिडीजला ८०७० बारीक चौकोनी नळ्यांचा रेडिएटर दिला आणि नऊ लिटर पाण्यात काम भागलं.

तेलात दूध?

ऑइलच्या झाकणाखाली भरपूर दुधी चिकटा दिसला, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर थांबेना, कूलंटमध्ये बुडबुडे यायला लागले, तर हेड गॅस्केट गेल्याचा दाट संशय घ्या आणि गाडी चालवू नका. वेळीच थांबलात तर बऱ्याचदा गॅस्केट आणि हेडच्या फेसिंगवर निभावतं. रेटत राहिलात तर इंजिन सीझ.

नुसतं बोअरचं पाणी रेडिएटरला अजिबात घालू नका. त्यातला क्षार आत साचतो. कूलंट सांडलं तर लगेच पुसा. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात.

काटा लालकडे जायला लागला तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण चालू करा. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच, तो थोडी उष्णता खेचून घेतो. तेवढ्या वेळात गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. आणि झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नका, अर्धा तास गेला, तास गेला तरी चालेल. दाब सुटताच आतलं कूलंट वाफ होऊन उसळतं आणि हात-तोंड भाजून काढतं.