पितळ कशाला म्हणावे?

पिवळे ते पितळ, पांढरे ते जर्मन सिल्व्हर, हा आमचा घरगुती हिशेब. पत्र्याच्या पहिल्याच आयातीत कस्टम्सने तो मोडला. पिवळसर दिसला म्हणून गुंडाळीतला पत्रा मी ७४०९ २१ खाली, पितळ म्हणून दाखवला. प्रयोगशाळेला त्यात तांबे-जस्ताबरोबर निकेलही ५ टक्क्यांवर सापडले. दरपत्रकाच्या टिपेप्रमाणे निकेल ५ टक्क्यांहून कमी, तरच ते पितळ! माझा माल ७४०९ ४० मधला जर्मन सिल्व्हर ठरला. त्यात चांदी नावालाही नसते. निकाल लागेपर्यंत पत्रा गोदीत आणि कारागीर रिकामे. चूक माझीच. डोळा रंग पाहतो, दरपत्रक वजन. आता रासायनिक पृथक्करणाचा दाखला वाचल्याशिवाय मी पैसे पाठवत नाही.