आया सोफिया

इस्तंबूल (प्राचीन कॉन्स्टँटिनोपल, तुर्कस्तान) येथील जगप्रसिद्ध बायझंटिन चर्च व विद्यमान मशीद. मूळ ग्रीक नाव हागिया सोफिया, म्हणजे ‘पवित्र प्रज्ञा’. ‘आया सोफिया’ हे त्याचे तुर्की रूप. ‘सेंट सोफिया’ या रूढ नावामुळे हे चर्च सोफिया नावाच्या एखाद्या संत स्त्रीचे असावे असा समज होतो. तो बरोबर नाही. ते ईश्वरी प्रज्ञेला, म्हणजेच ख्रिस्ताला अर्पण केलेले होते. ही वास्तू ५३७ ते १४५३ चर्च, १४५३ ते १९३४ मशीद, त्यानंतर २०२० पर्यंत वस्तुसंग्रहालय आणि तेव्हापासून पुन्हा मशीद, अशा अवस्थांतून गेली आहे. यांपैकी कोणत्याही अवस्थेने आधीची अवस्था पूर्णपणे पुसून टाकली नाही. या वास्तूचे असाधारणत्व आणि तिच्याविषयीचा वाद या दोहोंचेही मूळ येथेच आहे.

याच जागी यापूर्वी दोन चर्च होती. पहिले ३६० मध्ये बांधले गेले व ४०४ मधील दंगलीत जळाले. ४१५ मधील दुसरे चर्च ‘नीका’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बंडात (जानेवारी ५३२) भस्मसात झाले. सम्राट पहिला जस्टिनियन याने बंड मोडून काढले आणि अवघ्या काही आठवड्यांत, २३ फेब्रुवारी ५३२ रोजी, नव्या बांधकामास आरंभ केला. ट्रॅलीझचा अँथीमियस व मायलीटसचा इसिडोर यांच्याकडे त्याने हे काम सोपविले. अँथीमियसची ख्याती भूमितिज्ञ म्हणून होती आणि वास्तूची कल्पना पाहता ते पटते. २७ डिसेंबर ५३७ रोजी चर्चचे उद्घाटन झाले. एवढ्या प्रचंड वास्तूला सहा वर्षेही लागली नाहीत. परंतु या घाईची किंमत पुढे मोजावी लागली.

वास्तूचा प्राण म्हणजे तिचा मध्यवर्ती घुमट. त्याचा व्यास सु. ३१ मी. असून जमिनीपासून उंची सु. ५५ मी. आहे. चौरस जागेवर वर्तुळाकार घुमट कसा बसवावयाचा, हा येथील मूळ प्रश्न. चार भक्कम खांबांवर चार कमानी उभारून त्यांच्यामधील कोपऱ्यांत गोलाच्या पृष्ठभागातून कापून घेतल्यासारखे चार वक्र त्रिकोण साधले आणि त्यांच्या वरच्या कडा जुळून जे वर्तुळ झाले, त्यावर घुमट टेकविला. पूर्वेस व पश्चिमेस अर्धघुमट आहेत. ते मुख्य घुमटाचा बाहेर रेटणारा भार पेलतात. उत्तर-दक्षिण बाजूंना मात्र असा आधार नाही. घुमटाच्या बुडाशी चाळीस खिडक्यांचे वलय आहे. त्यातून येणाऱ्या प्रकाशामुळे घुमट भिंतींवर टेकलेला नसून आकाशातून टांगलेला आहे असा भास होतो. जस्टिनियनच्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस यानेही हा अनुभव नोंदविला आहे. मराठी वाचकाला विजापूरच्या गोलघुमटाशी तुलना सुचणे स्वाभाविक आहे. सतराव्या शतकातील गोलघुमट आकाराने मोठा आहे. पण तेथे एकमेकींना छेदणाऱ्या कमानींच्या जाळ्यावर घुमट उभा आहे आणि जाड भिंतींचे वजन लपविण्याचा प्रयत्न नाही. आया सोफियात सारे कौशल्य वजन लपविण्यात खर्ची पडले आहे.

विटांमधील चुन्याचे थर विटांइतकेच किंवा त्यांहून जाड होते आणि ते पुरते वाळण्याआधीच त्यांच्यावर भार चढला. त्यामुळे आधार बाहेर झुकले. भूकंपांनी खिळखिळा झालेला घुमट ५५८ मध्ये कोसळला. धाकट्या इसिडोरने तो सु. सहा मीटरांनी अधिक उंच करून पुन्हा बांधला. उंच घुमट बाहेर कमी रेटतो. ९८९ च्या भूकंपानंतर त्रदात या आर्मेनियन वास्तुशिल्पज्ञाने पश्चिमेकडील भाग दुरुस्त केला. १३४६ मध्ये पूर्वेकडील भाग पडला. या डागडुज्यांमुळे आजचा घुमट काटेकोर वर्तुळ राहिलेला नाही.

२९ मे १४५३ रोजी ऑटोमन सुलतान दुसरा मुहंमद याने शहर जिंकले आणि चर्चचे मशिदीत रूपांतर केले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. शहर याआधीही लुटले गेले होते, तेही ख्रिस्ती क्रूसेडवाल्यांकडून (१२०४). त्यानंतर १२६१ पर्यंत हे ऑर्थोडॉक्स चर्च रोमन पंथाचे होते. मुहंमदाने इमारत पाडली नाही. तिच्यासाठी वक्फ केला. पुढील ऑटोमन काळात चार मिनार उभे राहिले आणि सोळाव्या शतकात थोर वास्तुशिल्पज्ञ सिनान याने बाहेरून टेकूच्या भिंती घातल्या. त्या नसत्या तर घुमट आज उभा दिसला असता काय, याची शंकाच आहे.

आत सर्वांत लक्षणीय बदल दिशेचा झाला. चर्चचा अक्ष आग्नेयेकडे आहे. मक्केची दिशा मात्र त्याहून थोडी दक्षिणेकडे येते. म्हणून पूर्वीच्या वेदीच्या अर्धवर्तुळाकार जागेत बसविलेला मिहराब मध्यरेषेवर नाही, तो उजवीकडे सरकलेला आहे. नमाजाच्या रांगाही दालनाशी तिरप्या पडतात. दरवाजातून शिरताच खांबांच्या सरळ ओळी आणि गालिच्यावरील तिरप्या ओळी एकाच वेळी दिसतात. वास्तूचा पंधराशे वर्षांचा इतिहास या एका तिरकसपणात वाचता येतो.

कुट्टिमचित्रे, म्हणजे रंगीत काचा व दगडांच्या तुकड्यांची चित्रे, टप्प्याटप्प्याने चुन्याखाली गेली. सुलतान अब्दुलमजीद याने १८४७–४९ मध्ये दुरुस्तीसाठी बोलाविलेल्या गास्पारे व जुझेप्पे फोसाती या स्विस बंधूंना ती सापडली. त्यांनी ती रेखाटून घेतली व पुन्हा झाकली. आजची आठ प्रचंड सुलेखन-मंडले याच काळातील असून ती मुस्तफा इज्जत एफेंदी या सुलेखनकाराची आहेत. टॉमस व्हिटमोर या अमेरिकन अभ्यासकाने १९३१ पासून चित्रे उघडी करण्यास प्रारंभ केला. २४ नोव्हेंबर १९३४ च्या मंत्रिमंडळ-निर्णयाने मशिदीचे वस्तुसंग्रहालय झाले आणि ते १ फेब्रुवारी १९३५ रोजी खुले झाले. येथील चित्रांत सज्जातील ‘डीसिस’ (ख्रिस्त, मेरी व बाप्तिस्मा देणारा योहान, सु. १२६१) हे सर्वश्रेष्ठ मानावे लागेल. सम्राज्ञी झोईचे चित्र वेगळ्याच कारणाने मनोरंजक आहे : तिचा पती बदलला तेव्हा चित्रातील सम्राटाचा चेहराही बदलण्यात आला. याच सज्जाच्या संगमरवरी कठड्यावर कोणा उत्तरेकडील सैनिकाने रूनिक लिपीत आपले नाव कोरलेले आहे.

१० जुलै २०२० रोजी तुर्की राज्यपरिषदेने १९३४ चा निर्णय रद्द ठरविला. ही मालमत्ता सुलतानाच्या वक्फाची असून वक्फपत्राने ठरविलेला वापर बदलता येत नाही, असा तिचा मुद्दा होता. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला आणि २४ जुलै रोजी पहिली नमाज झाली. १९८५ पासून हा परिसर जागतिक वारशाच्या यादीत असल्याने, आधी विचारविनिमय झाला नाही याबद्दल युनेस्कोने खेद व्यक्त केला. या प्रश्नाची उत्तरे धर्मानुसार वेगवेगळी येतात; परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक चिंता वाटते ती फरशी, भिंती व चित्रे रोजच्या गर्दीत कशी टिकतील याची. असे बदल महाराष्ट्रालाही अपरिचित नाहीत. दौलताबादच्या जामा मशिदीत (१३१८) देवळांचे खांब वापरलेले आहेत आणि हैदराबाद संस्थानच्या विलीनीकरणानंतर तेथे भारतमातेची मूर्ती स्थापन झाली.

आजच्या प्रवाशास जुनी प्रवासवर्णने उपयोगी पडत नाहीत. जानेवारी २०२४ पासून तळमजला नमाजासाठी राखीव असून परदेशी पर्यटकांना शुल्क भरून केवळ वरच्या सज्जात जाता येते; हे शुल्क प्रारंभी २५ युरो होते. स्त्रियांनी डोके झाकावे लागते आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी पर्यटकांना प्रवेश नसतो. संगमरवरी फरशी गालिच्याखाली गेली आहे आणि पूर्वेकडील मेरी व बालख्रिस्ताचे चित्र (८६७) खालून दिसू नये म्हणून पडदे लावले आहेत. तथापि घुमट पाहण्यासाठी सज्जा ही तळमजल्यापेक्षा गैरसोयीची जागा नाही. वक्र त्रिकोण तेथून जवळून दिसतात. त्यांवरील सहा पंखांच्या देवदूतांपैकी एकाचा चेहरा २००९ मध्ये उघडा करण्यात आला. घुमटाच्या मोठ्या दुरुस्तीचे काम २०२५ मध्ये हाती घेतल्याने आत पहाडांचा अडथळा संभवतो.

शहरातील इतर बायझंटिन चर्चची स्थिती सारखी नाही. जस्टिनियनच्याच काळातील ‘छोटी आया सोफिया’ दीर्घकाळ मशीद आहे. राजवाड्याच्या आवारातील हागिया आयरीनी हिची मशीद कधीच झाली नाही. तिचा शस्त्रागार म्हणून उपयोग झाला. खोरा चर्च (कारिये) यातील चौदाव्या शतकाच्या आरंभीची कुट्टिमचित्रे व भित्तिलेपचित्रे आया सोफियातील चित्रांहून अधिक सलग राहिली आहेत. १९४५ पासून वस्तुसंग्रहालय असलेली ही वास्तू मे २०२४ मध्ये मशीद म्हणून खुली झाली. तेथे नमाजाच्या दालनातील मोजकी चित्रे पडद्यांनी झाकता येतात. पूर्वमंडपांतील चित्रे उघडी असून ती जवळून पाहता येतात.