तोंडातली चोखणी सुटते कशी?

शिंदखेड्याकडे दोन वर्षांच्या पोराचं दूध तोडायचं म्हटलं, की आजीची नजर आधी दारच्या निंबाकडे जाते. पाला वाटून लावला की पोरगं तोंड वाकडं करून मागे सरतं. आता बऱ्याच घरांत तोंडात रबराची चोखणी आली. जिच्यातून थेंबभरही काही येत नाही, तिच्यासाठी एवढा आकांत का?

उत्तरासाठी जन्माच्याही मागे जावं लागतं. चोखण्याच्या हालचाली पोटातच, साधारण चौथ्या महिन्यात सुरू होतात. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ बसतो तो ३४व्या आठवड्याच्या सुमारास. गंमत बघा: दूध येत असेल तर बाळ सेकंदाला साधारण एकदा चोखतं, नुसती चोखणी असेल तर दोनदा! पोटासाठीचं चोखणं वेगळं, जिवाला शांत करायचं वेगळं.

१९८० साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर यांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडी बोंडी दिली, कानांवर हेडफोन लावले. बाळं थोडं चोखतात, थांबतात, पुन्हा चोखतात. थांबा ठरावीक मापाचा झाला तर कानी आईचा आवाज, नाहीतर परक्या बाईचा. बाळांनी काय केलं असेल? आईला ऐकण्यासाठी त्यांनी आपला थांबाच बदलला! डोळे नीट न ठरलेल्या जिवाला हे जमतं.

मग असलं साधन सोडवायचंच कशाला? जबड्यासाठी. चाकावरचं मडकं आतल्या आणि बाहेरच्या हातामध्ये घडतं, तसा वरचा जबडा आतून जीभ आणि बाहेरून गाल यांच्यामध्ये घडतो. चोखणी आली की जीभ खाली दबते, गाल मात्र दाबतच राहतात. टाळू अरुंद होतो, पुढच्या दातांत फट पडते. आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास सवय सुटली, तर ती फट बहुतेकदा आपली आपण भरून येते!

सोडवायला कडूच का? गोड ओळखायला जिभेवर चव टिपणारा मुख्यतः एकच ग्राहक, कडूसाठी मात्र सुमारे २५ प्रकारचे. कारण पुष्कळ विषं कडू असतात. निंबातली कडू द्रव्यं सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी १९४२ साली वेगळी काढली. (निंबाचं तेल मात्र लेकराच्या तोंडी कधीच नको, ते त्याला विषारी ठरू शकतं.)

शिंदखेडा तालुक्यातलंच दोंडाईचा मिरचीच्या बाजारासाठी नावाजलेलं. म्हणून काही जण चोखायच्या बोटाला मिरची लावतात. ते माझ्या मते क्रूर आहे, कारण तिखट ही चवच नाही! डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूने १९९७मध्ये शोधलेला, मिरची टिपणारा ग्राहक ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही जागा होतो. मिरची लागली की मेंदूला 'भाजलं' असाच निरोप जातो.

पण कडूने तोंड मागे सरतं, रडू थांबत नाही. शांत व्हायची दुसरी वाट लेकराला मिळावी लागते: मांडी, थोपटणं, ओळखीचं गाणं, उशाशी आईची जुनी साडी. म्हणून दिवसाची चोखणी आधी जाते, खेळाच्या नादात कळतही नाही. झोपेची सगळ्यात शेवटी. काही रात्री रडारड होते. मग तोंड मिटून झोपलेल्या त्या लेकराची जीभ टाळूला टेकते, आणि जबडा आतून रुंदावण्याचं तिचं काम पुन्हा सुरू होतं.