परदेशी शिक्षणाची शिदोरी : एकशेचाळीस वर्षांचा मागोवा

महाराष्ट्रातून शिक्षणासाठी परदेशी गेलेल्यांचा इतिहास सहसा पदव्यांच्या आणि पहिलेपणाच्या अंगाने लिहिला जातो. त्याच इतिहासाकडे खर्च, कागदपत्रे, मुदती आणि प्रकृती या व्यावहारिक बाजूने पाहिले, तर आज परदेशी जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती त्यातून अधिक उपयोगाचे काही लागते. या एकशेचाळीस वर्षांत समुद्रपर्यटनाचा सामाजिक निषेध नाहीसा झाला, महिन्यांचा प्रवास तासांवर आला आणि प्रवेशअर्ज घरबसल्या भरता येऊ लागला. परंतु पैसा शेवटच्या सत्रापर्यंत न पुरणे आणि नियम वेळेवर न कळणे ही शिक्षण अडण्याची दोन कारणे जशीच्या तशी राहिली आहेत.

आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघून जूनमध्ये न्यू यॉर्कला पोहोचल्या आणि फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ रोजी वैद्यकीय पदवीधर झाल्या, हे सर्वज्ञात आहे. त्या जाण्यामागची तयारी मात्र तितकीच अभ्यासण्याजोगी आहे. त्यांचे पती गोपाळराव यांनी १८८० मध्ये एका अमेरिकी मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या नियतकालिकात छापले गेले, ते न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिसिया कार्पेंटर यांच्या वाचनात आले, आणि त्यानंतरच्या पत्रव्यवहारातून आनंदीबाईंना परक्या देशात उतरण्याचे हक्काचे घर मिळाले. आज ज्याला निवासाची पूर्वव्यवस्था आणि स्थानिक संपर्क म्हणतात, ते त्या काळी तीन वर्षांच्या पत्रांतून उभे राहिले होते. जी गोष्ट पत्रांनी साधली नाही ती प्रकृतीची. फिलाडेल्फियाची थंडी आणि न मानवणारा आहार यांमुळे त्यांचे शरीर खंगत गेले, क्षयाने गाठले आणि मायदेशी परतल्यावर काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी त्यांचे पुण्यात निधन झाले. परदेशी जाणाऱ्याच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात उबदार कपडे, पोटभर अन्न आणि आजारपण यांच्या रकमा सर्वांत आधी कापल्या जातात. वास्तविक त्या सर्वांत शेवटी कापल्या पाहिजेत. ब्रिटनमध्ये आता विद्यार्थ्याकडून व्हिसाबरोबरच वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार, म्हणजे तेथील सार्वजनिक आरोग्यसेवा वापरण्यासाठीचे आगाऊ शुल्क, घेतला जातो. अमेरिकेत मात्र अशी सार्वजनिक व्यवस्था नसल्यामुळे बहुतेक विद्यापीठे खाजगी आरोग्यविमा सक्तीचा करतात, आणि त्याचा हप्ता शिक्षणशुल्काच्या आकड्यात धरलेला नसतो.

पुढच्या दशकात आर्थिक साहाय्याचे दोन वेगळे प्रकार रूढ झाले. पहिला सरकारी शिष्यवृत्तीचा. तिच्या बळावर दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये गणिताच्या परीक्षेत सर्वप्रथम, म्हणजे सीनियर रँग्लर, ठरले. दुसरा प्रकार जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये स्थापन केलेल्या निधीने रुजवला. त्यातून मिळणारी रक्कम ही कर्जाऊ शिष्यवृत्ती होती, म्हणजे शिक्षणानंतर ती परत करायची आणि त्या परतफेडीतून पुढच्या विद्यार्थ्याने जायचे. हा निधी आजही चालू आहे. शिष्यवृत्ती, कर्जाऊ शिष्यवृत्ती आणि बँकेचे कर्ज या तीन गोष्टी बोलण्यात एकाच नावाखाली येतात, परंतु त्यांतील परतफेडीची जबाबदारी पूर्णतः वेगळी असते, आणि मंजुरीच्या पत्रावर सही करण्याआधी हा भेद विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनी नीट समजून घेतला पाहिजे.

साहाय्याच्या अटी विद्यार्थ्याचे आयुष्य कशा वळवतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे परदेशातील शिक्षण. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार करून घेतला. अशा कराराला आज बाँड म्हणतात. १९१३ च्या जुलैमध्ये ते न्यू यॉर्कला पोहोचले, १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळवून त्यांनी डॉक्टरेटचे काम सुरू केले आणि १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन येथे दाखल झाले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट मात्र केली, जी आजच्या प्रत्येक विद्यार्थ्याने मनावर कोरून घ्यावी : चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. अडचण आली म्हणून न कळवता निघून येणे आणि विद्यापीठाची संमती घेऊन खंड पाडणे यांत प्रवेश गमावण्याचा आणि प्रवेश राखण्याचा फरक असतो.

बडोद्यात नोकरी करताना जातीमुळे राहायला जागा न मिळाल्याने त्यांना ती सोडावी लागली. त्यानंतर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून केलेली बचत, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज एवढ्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. पैसा पुन्हा संपला तेव्हा रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केलेला होता. ते फेरलेखन त्यांनी १९२३ मध्ये मुंबईत बसून केले, प्रबंध तेथूनच पाठवला आणि त्याच वर्षी डी. एस्सी. मिळवली. कोलंबियाची पीएच. डी. तर त्यांना १९२७ मध्ये मिळाली, कारण प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला सादर केल्याशिवाय पदवी द्यायची नाही असा तेथील नियम होता आणि तो छापला जायला १९२५ उजाडले. एवढ्या असामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्याची दहा वर्षे पैसा, करार आणि छपाईचा नियम यांनी खाल्ली, ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली गेली पाहिजे. कारण आजही ‘प्रवेश मिळाला, आता सारे जमेल’ या समजावर घरे गहाण पडतात.

त्याच्या काही वर्षे आधी लंडनमध्ये भारतीय विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारी सरकारी व्यवस्थाही उभी राहिली. १९०७ मध्ये ली-वॉर्नर समितीने त्यांच्या परिस्थितीची चौकशी केली आणि १९०९ मध्ये माहितीकेंद्र सुरू झाले. परंतु हायगेटच्या इंडिया हाऊसमधील क्रांतिकारक चळवळीमुळे आणि त्याच वर्षीच्या जुलैत झालेल्या कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या वधामुळे सरकारची नजर विद्यार्थ्यांवर पाळतीची झाली, आणि सल्ला देणारा व पाळत ठेवणारा एकच असल्याने विद्यार्थी त्या केंद्राकडे संशयाने पाहू लागले. सल्ला देणाऱ्याचे हित कशात आहे, हा प्रश्न तेव्हा जितका महत्त्वाचा होता तितकाच तो आज आहे.

स्वातंत्र्यानंतर अडथळ्याचे स्वरूप बदलले. पारपत्र देणे न देणे १९६७ पर्यंत शासनाच्या मर्जीवर होते. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला आणि पासपोर्ट कायदा झाला. त्याहून मोठी अडचण परकीय चलनाची होती. देशाची गंगाजळी तुटपुंजी असल्याने रुपये हाती असूनही त्यांचे डॉलर करून घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे, आणि खिशात आठ डॉलर घेऊन अमेरिकेत उतरलेल्या त्या पिढीची आठवण अजून घराघरांत सांगितली जाते. त्या पिढीला तारले ते असिस्टंटशिपने, म्हणजे विद्यापीठातच अध्यापन किंवा संशोधन साहाय्य करून शुल्कमाफी आणि मासिक वेतन मिळवण्याच्या पद्धतीने. ही वाट आजही खुली आहे, विशेषतः पीएच. डी. साठी, आणि कर्जाचा विचार करण्याआधी ती तपासली जावी. शुल्क भरून करायच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या जाहिरातींपुढे मात्र ती झाकोळून गेली आहे.

चलनाची दारे २००० नंतर उघडली. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंत रक्कम परवानगीविना बाहेर पाठवण्याची योजना आणली आणि २०१५ पासून ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. दरम्यान २००१ मध्ये भारतीय बँक संघाने शैक्षणिक कर्जाचा नमुना ठरवून दिला. त्यात साडेसात लाखांवरील कर्जाला मालमत्तेचे तारण अपेक्षित असते. पैसा नाही म्हणून थांबलेला मध्यमवर्ग त्यामुळे कर्ज काढून जाऊ लागला, आणि जोखीम विद्यापीठाकडून कुटुंबाकडे सरकली. या कर्जात दोन गोष्टी सहसा नजरेआड होतात. अभ्यासक्रम संपेपर्यंत हप्ता नसतो, त्या सवलतकाळातही व्याज साचत राहते. आणि कर्ज रुपयांत, तर शुल्क डॉलरमध्ये असते. १९९० मध्ये सुमारे १७ रुपयांना मिळणारा डॉलर २०२५ मध्ये ८५ रुपयांच्या पुढे गेला. दोन वर्षांच्या शिक्षणात रुपया पाच-सात टक्क्यांनी घसरला, तरी दुसऱ्या वर्षाच्या शुल्कात काही लाखांची तूट येते. म्हणून पहिल्या दिवसाच्या दराने केलेला हिशोब हा अपुराच समजावा आणि किमान एका सत्राचा खर्च वेगळा राखून ठेवावा.

व्हिसाच्या नियमांचा गेल्या पंधरा वर्षांतील इतिहास तर चंचलतेचाच आहे. ब्रिटनने शिक्षणानंतर काम करण्याची सवलत २०१२ मध्ये बंद केली, २०२१ मध्ये दोन वर्षांसाठी पुन्हा दिली, आणि १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना ती पदवी व पदव्युत्तर पातळीवर अठरा महिन्यांची ठरवली. कॅनडाने भारतीय विद्यार्थ्यांसाठीची जलद योजना ८ नोव्हेंबर २०२४ रोजी एकाएकी बंद केली. त्याच वर्षाच्या आरंभी तेथे निर्वाहखर्चाची दाखवायची रक्कम १० हजारांवरून २०,६३५ कॅनेडियन डॉलरवर गेली होती. जर्मनीत शासकीय विद्यापीठांचे शुल्क नाममात्र असले, तरी वर्षाच्या निर्वाहाची रक्कम, जी २०२४ च्या सप्टेंबरपासून ११,९०४ युरो आहे, अशा खात्यात आधी भरावी लागते ज्यातून दरमहा ठरावीक भागच काढता येतो. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय प्रमाणपत्रांची पडताळणी करून घेण्याची अट आली आहे आणि तिला लागणारा वेळ धरूनच अर्जाचे वेळापत्रक आखावे लागते. अमेरिकेत २०२४-२५ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ६३ हजारांवर पोहोचली, आणि लगेच २०२५ च्या मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबल्या. या सगळ्यातून निघणारा निष्कर्ष कठोर आहे : शिक्षणानंतर तेथे नोकरी मिळेल आणि तिच्या पगारातून कर्ज फिटेल, या गृहीतकावर ज्याचा संपूर्ण हिशोब उभा आहे त्याने त्या देशाचा विचार लांबणीवर टाकावा. भारतात परत येऊन मिळणाऱ्या पगारातून हप्ता भरता येईल का, हीच कसोटी धरावी.

वैद्यकीय शिक्षणासाठी रशिया, जॉर्जिया किंवा किर्गिझस्तानकडे जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी, कारण भारतात व्यवसायाचा परवाना मिळवण्याची परीक्षा त्यांना परतल्यावर द्यावी लागते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशी अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि त्याच संस्थेतील बारा महिन्यांच्या आंतरवासितेचा, म्हणजे रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा, असावा लागतो. २०२२ मध्ये युक्रेनमधून युद्धामुळे परतलेल्या हजारो विद्यार्थ्यांना या अटींची धार कळली, तेव्हा शुल्क भरून झालेले होते.

राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना दिली जाते आणि तिने कित्येक घरांतील पहिला विद्यार्थी परदेशी पोहोचवला आहे. अशा योजनेत उत्पन्नाचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र आणि विनाअट प्रवेशपत्र, म्हणजे कोणतीही पूर्तता बाकी नसलेले प्रवेशपत्र, ही कागदपत्रे अर्जाच्या मुदतीत हाती असावी लागतात. ती जमवायला महिनोन्‌महिने लागतात, म्हणून त्यांची तयारी प्रवेशाच्या वर्षभर आधी, शक्य तर पदवीच्या शेवटच्या वर्षातच सुरू करावी. हे सांगणारे कोणी जवळ नसले की ती जागा खाजगी सल्लागार घेतो. त्याचा सल्ला विद्यार्थ्याला विनामूल्य मिळतो, कारण त्याला दलाली परदेशी संस्थेकडून मिळत असते, आणि म्हणूनच जी संस्था दलाली देत नाही तिचे नाव त्याच्या यादीत येत नाही. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी आणि तालुक्याच्या महाविद्यालयांनी या मुदती, अटी आणि खर्चाचे तक्ते दरवर्षी मराठीत प्रसिद्ध करावेत, आणि ते समजावून सांगण्यासाठी कोणाकडूनही दलाली न घेणारा एक शिक्षक नेमावा.