स्निग्धांशावरचा आरोप

विल्यम बँटिंग नावाचा लंडनचा एक गृहस्थ इतका स्थूल झाला होता, की बुटाची नाडी बांधणे त्याला अशक्य होते आणि जिना त्याला पाठमोऱ्याने सावकाश उतरावा लागे; पाव, साखर, बटाटे, बिअर वर्ज्य करून तो कृश झाला आणि १८६३ साली त्याने तो अनुभव पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केला. अल्प-कर्बोदक आहाराची परंपरा इतकी जुनी असताना, गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सगळा दोष स्निग्धांशाच्या माथी आला, याचे मला फार वाईट वाटते. १९६७ साली हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी हृद्‌रोगाविषयी जो आढावा छापला, त्यात साखरेविरुद्धचा पुरावा क्षीण लेखला होता. त्यासाठी साखर-उद्योगाच्या संस्थेने सुमारे साडेसहा हजार डॉलर मोजले होते, हे २०१६ साली जुन्या दप्तरातून उजेडात आले.

काल वाण्याकडे ‘लो फॅट’ असे ठळक छापलेला फळांच्या दह्याचा डबा मी उलटून पाहिला, तर घटकांच्या यादीत दुधापाठोपाठ साखरच होती. आणि ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमानेच छापावी लागते. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी मात्र आहार बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे, कारण कर्बोदके घटताच औषधाची मात्राही बदलावी लागू शकते.