चोराच्या पदरी काय होते?

फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली सासष्टीतल्या राशोल येथे छापले गेले. स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हाच शब्द घेतला. नवख्रिस्ती श्रोत्याला शब्द ओळखीचा, वाट मात्र नवी. पुण्य गाठीशी नसेल, तर मरताना आशा कशाची धरायची?

लूकच्या शुभवर्तमानात याचे उत्तर एका चोराच्या निमित्ताने येते. येशूच्या शेजारच्या क्रुसावर तो मरत आहे. आता दान नाही, तीर्थ नाही, लुबाडलेल्याची भरपाईही नाही. तो फक्त आठवण ठेवण्याची विनवणी करतो. आणि त्याच दिवशी नंदनवनात सोबत असण्याचे वचन त्याला मिळते. ख्रिस्ती परंपरा कृपा म्हणते ती ही, हिशेबात न बसणारी. पुष्कळांना हा अन्याय वाटतो. खरे सांगायचे तर, मलाही वाटत असे.

पण या आशेने शोकाला मनाई केलेली नाही. लाजराला उठवायला निघालेला येशू आधी रडतो. प्रेताशेजारी रडणाऱ्याला ‘श्रद्धा कमी पडली’ म्हणणारे हे विसरतात. चोराचाही क्रूस वचनाने टळला नाही. योहान सांगतो, त्याच दिवशी शिपायांनी त्याचे पाय मोडले.