शाळेचाही ताळेबंद हवा

मानस मंदिराच्या दर्शनाला जाणाऱ्या कुटुंबांना शहापूर परिचित आहे. आसनगाव स्थानक, नाशिककडे जाणारा महामार्ग आणि मुंबईची तहान भागविणारी तानसा व भातसा ही धरणे अनेकांनी पाहिलेली असतात. महामार्ग सोडून आत वळले, अथवा मुरबाडहून माळशेज घाटाच्या दिशेने निघाले, की कातकरी, ठाकूर आणि वारली समाजांचे पाडे लागतात. पाड्यावर जिल्हा परिषदेची लहानशी शाळा असते. अशा शाळांना दानशूर कुटुंबे वह्या, गणवेश, क्वचित संगणकही देतात. त्या देणगीचे मोल आहेच. परंतु चौथीतील मुलाला सलग वाचता का येत नाही, या प्रश्नाचे उत्तर संगणकातून मिळत नाही. ते शाळेतच शोधावे लागते, आणि शोधण्याचेही एक शास्त्र आहे. शैक्षणिक नेतृत्व व शालेय संशोधन या नावाने आज त्याचा पदव्युत्तर अभ्यास केला जातो.

रोजमेळ आणि हजेरीपट

व्यापारी माणसाला या शास्त्राचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. एखाद्या मालात तोटा आला, तर तो नशिबाला दोष देऊन स्वस्थ बसत नाही. रोजमेळ उघडतो, खतावणी तपासतो, चूक कोठे झाली ते पाहतो आणि पुढील हंगामात खरेदी बदलतो. शिक्षकाने आपल्या वर्गाविषयी हेच पद्धतशीरपणे करावे, यास कृतिसंशोधन म्हणतात. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे स्टीफन कोरी यांनी 1953 मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला आणि संशोधन हे केवळ प्राध्यापकांचे काम नसून शिक्षकाचेही आहे, हा विचार रूढ होण्यास त्यामुळे मोठे साहाय्य झाले.

मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरील शिक्षकाने वर्षभराचा हजेरीपट महिन्यांनुसार व वस्तीनुसार मांडला, असे समजा. दिवाळीनंतर ठराविक घरांतील मुले दिसेनाशी होतात, कारण त्यांचे आईवडील वीटभट्ट्यांवर गेलेले असतात. भातलावणीच्या दिवसांत थोरली मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळीत घरी राहते. ‘मुलांना शिक्षणाची गोडी नाही’ हा सरसकट शेरा मग टिकत नाही. आजी-आजोबांकडे मुले ठेवता येतील का, हंगामी वसतिगृहाची सोय होईल का, भट्टीजवळच्या शाळेत त्यांना बसविता येईल का, असे नेमके प्रश्न पुढे येतात. उपाय करावा, पुन्हा नोंद घ्यावी, फरक तपासावा, असा हा क्रम आहे.

ठाणे जिल्ह्याचा वारसा

ही दृष्टी या भूमीला नवी नाही. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. त्यातूनच अंगणवाडी साकारली, आणि 1975 च्या एकात्मिक बालविकास योजनेने हा शब्द देशभर पोहोचविला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. मूल शाळेत का येत नाही, याचा शोध मुलाच्या जागी जाऊन घ्यावा, हा या कार्याचा गाभा होता.

शहापूरला लागून असलेल्या वाडा तालुक्यातही अलीकडे असा शोध घेतला गेला. सोनाळे येथून काम करणाऱ्या ‘क्वेस्ट’ या संस्थेच्या सहकार्याने तेथील पहिली ते तिसरीच्या मुलांच्या वाचन-लेखनाचा तीन वर्षे मागोवा घेण्यात आला. कर्नाटकातील यादगीर येथे कन्नड भाषेसाठी असाच अभ्यास झाला. 2017 मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. वर्गाचा पुष्कळ वेळ अक्षरे व बाराखडी गिरविण्यात जातो, मात्र अर्थ समजून घेण्यास आणि मनातले लिहिण्यास फारशी संधी मिळत नाही, हे त्यातून पुढे आले. रोग कळल्यावाचून औषध ठरत नाही. अशा अभ्यासाचे मोल ते हेच.

नेतृत्वाची उणीव

शिक्षणहक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत स्वतंत्र मुख्याध्यापक मिळण्यास 150 हून अधिक विद्यार्थी लागतात. साठपर्यंत पट असेल तर शिक्षक दोन. पाड्यावरील शाळा बहुधा याच वर्गात मोडते. तेथे दोघांपैकी एक जण शिकवितो, माहिती भरतो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो आणि मुख्याध्यापकाचा कार्यभारही वाहतो. खाजगी अनुदानित शाळांत हे पद प्रायः सेवाज्येष्ठतेने मिळते. शाळा चालविण्याचे रीतसर शिक्षण लाभण्याआधीच शाळा हाती येते.

या शिक्षणाच्या वाटा उपलब्ध आहेत. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निर्माण झाल्या. ठाणे जिल्ह्याची संस्था बदलापूरनजीक रहाटोली येथे आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठामुळे नोकरी सांभाळून शिकणे अनेक शिक्षकांना शक्य झाले. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 2006 मध्ये प्राथमिक शिक्षण या विषयात पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेत शालेय नेतृत्वासाठी स्वतंत्र केंद्र आहे.

ज्ञानदानाचा पुढील टप्पा

कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली. खेडोपाडी शाळा काढायच्या तर आधी शिक्षक घडवावे लागतील, हे ओळखून 1935 मध्ये साताऱ्यास त्यांनी अध्यापक विद्यालय उभारले.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांत ज्ञानदानाची गणना होते. इमारतीवर दात्याचे नाव कोरले जाते, ते सर्वांना दिसते. शिक्षकाच्या अध्ययनाला दिलेले साहाय्य तसे दिसत नाही. शहापूर-मुरबाडच्या एखाद्या होतकरू शिक्षिकेचे पदव्युत्तर शुल्क, ग्रंथांचा व प्रवासाचा खर्च एखाद्या कुटुंबाने वा न्यासाने उचलला, तर त्याचे फळ तिच्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक तुकडीला मिळेल. ज्या न्यासांच्या स्वतःच्या शाळा आहेत, त्यांनी भावी मुख्याध्यापकांना पद देण्यापूर्वीच या अभ्यासाला पाठवावे. वाणिज्य शिकणाऱ्या लेकी-सुना व मुलांनीही या क्षेत्राकडे वळण्यास हरकत नाही. हिशेबातील चूक चिकाटीने शोधण्याचा संस्कार त्यांना घरातच लाभलेला असतो.

नव्या वह्यांचे पूजन करताना गेल्या वर्षीची शिल्लक पुढे ओढली जाते. ज्या शाळेला आपण देणगी दिली, तेथील किती मुले यंदा वाचू लागली, हेही त्या दिवशी विचारावे. उत्तर देऊ शकणारा मुख्याध्यापक घडविणे हे दात्याच्या हाती आहे.